विनोदी मालिकेचे चित्रपट-रूपांतर

दूरचित्रवाणीवर गाजलेल्या विनोदी मालिकेतली पात्रे, त्यांचे घर आणि त्यांच्या खोडी घेऊन मोठ्या पडद्यासाठी पूर्ण लांबीचा नवा चित्रपट करण्याची पद्धत. जुने भाग एकमेकांना जोडून केलेले संकलन यात धरत नाहीत. मालिकेतल्या मंडळींनी एकत्र येऊन वेगळ्याच पात्रांवर केलेला चित्रपटही यात येत नाही. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मागच्या सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांचा ‘गुलकंद’ (२०२५) हा त्या दुसऱ्या प्रकारातला: चेहरे ओळखीचे, गोष्ट नवी. ठाणे आणि नवी मुंबईत मालिकांचे सेटही आहेत, मालिका रोज जेवताना बघणारी घरेही आहेत आणि त्याच कलावंतांना रंगमंचावर बघायला जाणारा प्रेक्षकही आहे. त्यामुळे या प्रकारातले नफे-तोटे इथे जवळून दिसतात.

मूळ अडचण

विनोदी मालिकेचा एक भाग जाहिराती वगळता साधारण २२ ते २५ मिनिटांचा असतो. तेवढ्यात एक घोळ होतो, वाढतो, निस्तरला जातो आणि सगळे जिथे होते तिथे परत येतात. चिक्कू शेजारी पुढच्या भागातही चिक्कूच असतो. साहेबाचा ओरडा खाल्लेला कारकून काहीही शिकलेला नसतो. बघणाऱ्यालाही तेच हवे असते. ठाण्याला फास्ट लोकलमधून अंग चोरून उतरलेल्या माणसाची निदान एका घराकडून तरी अपेक्षा असते की तिथे आज काही बदललेले नसावे.

चित्रपटाचे गणित उलटे. दोन तासांनंतरही नायक पहिल्यासारखाच राहिला, तर तिकीट काढून आलेला माणूस ‘मग झाले काय?’ असे विचारत बाहेर पडतो. म्हणून पटकथाकार कुणाचे तरी लग्न काढतो, कुणाला तरी इस्पितळात टाकतो, राहते घर विकायला लावतो, नाहीतर सगळ्यांना विमानात बसवतो. यातला कुठलाही उपाय केला की पात्र शहाणे होऊ लागते, आणि ज्या खोडीमुळे ते लाडके झाले ती खोडच आधी बोथट होते. रूपांतरे बहुतेक वेळा इथेच फसतात. पैसा कमी पडला, कलाकारांची वये झाली, ही कारणे नंतर सांगितली जातात.

सेट आणि पडदा

घोडबंदर रस्त्यालगतच्या स्टुडिओंत उभारलेला मालिकेचा ‘हॉल’ आत जाऊन पाहिला की हा फरक लक्षात येतो. सोफा भिंतीला टेकलेला नसतो, कारण त्याच्या मागून पात्राला फिरता आले पाहिजे. जेवणाच्या टेबलाची एक बाजू कायम मोकळी, तिथून कॅमेरा बघतो. छत नसते, वर लाइट टांगलेले असतात. जिना पाच-सहा पायऱ्या चढून प्लायवुडच्या मागे संपतो, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरची झाडे फ्लेक्सवर छापलेली असतात. चौथी भिंत नाहीच. दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवून प्रवेश सलग उरकला जातो, कारण रोजचा भाग वेळेवर चॅनेलकडे गेला पाहिजे.

चित्रपटात शॉट एकेक करून लावतात, प्रकाशयोजना दर शॉटला बदलते आणि कधी ना कधी कॅमेरा वळून चौथ्या भिंतीकडे बघतो. वर्षानुवर्षे एकाच बाजूने पाहिलेल्या घराची ती बाजू पहिल्यांदा दिसते तेव्हा प्रेक्षकाला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही, पण खटकते. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या घरांत टीव्हीतली खोली आणि टीव्ही ठेवलेली खोली यांत फार अंतर वाटत नाही. मल्टिप्लेक्सच्या पडद्यावर तीच खोली हवेलीएवढी होते. उंचावलेली भुवई, ताणलेला ओठ, दारातून आत येतानाची ठरलेली लकब हे सगळे छोट्या पडद्याच्या मापाने बेतलेले असते. मोठ्या पडद्यावर तोच अभिनय भडक वाटतो.

हशाचे काय करायचे हा वेगळाच प्रश्न. अनेक मालिकांत ध्वनिमुद्रित हशा वापरतात. बघणाऱ्याला सोबत मिळते आणि पडलेला पंचही झाकला जातो. रंगभूमीवरून आलेला नट तर हशासाठी अर्धा क्षण थांबतोच, ते त्याच्या अंगात मुरलेले असते. चित्रपटाच्या संकलकाला हा थांबा अंदाजाने ठेवावा लागतो. भरलेल्या थिएटरात तो बरोबर बसतो. आठवड्याच्या मधल्या दुपारी, दहा-पंधरा डोकी असलेल्या खेळाला तीच रिकामी जागा अंगावर येते.

परदेशातले अनुभव

या प्रकाराचा खरा सुकाळ झाला तो १९७० च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये. तिथला चित्रपटउद्योग अडचणीत होता आणि टीव्हीवरची लोकप्रिय नावे म्हणजे आयता प्रेक्षक. भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर कंपनीने बसचालक आणि कंडक्टर यांच्यावरच्या ‘ऑन द बसेस’ या मालिकेचा चित्रपट १९७१ मध्ये आणला, आणि तो एवढा चालला की पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन निघाले. तिसऱ्यात सगळी मंडळी सुट्टीच्या शिबिरात पोचली. पात्रांना सहलीला पाठवण्याची युक्ती पुढे इतकी वापरली गेली की ब्रिटिश समीक्षकांना ती पोस्टर बघूनच ओळखता येऊ लागली. ‘आर यू बीइंग सर्व्ड?’ (१९७७) मधले दुकानातले कर्मचारी स्पेनच्या किनाऱ्यावर गेले. पुष्कळ वर्षांनी ‘द इनबिटवीनर्स मूव्ही’ (२०११) मधली पोरे ग्रीसला गेली आणि प्रचंड चालली. म्हणजे युक्ती वाईट नाही. पोरे घरी जेवढी मूर्ख होती तेवढीच तिथेही राहिली, म्हणून ती जमली.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश गृहरक्षकांच्या पलटणीची गोष्ट सांगणाऱ्या ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेवर दोनदा चित्रपट निघाला. १९७१ मध्ये मूळ संच होता आणि पलटण कशी उभी राहिली ही मालिकेच्या आरंभीचीच कथा पुन्हा सांगितली गेली. २०१६ मध्ये टोबी जोन्स आणि बिल नाय यांच्यासारख्या चांगल्या नटांना घेऊनही सगळ्यांची तुलना मूळ नटांशीच होत राहिली. वर्षानुवर्षे एकाच चेहऱ्यात पाहिलेल्या पात्राला दुसरा चेहरा देणे हे या प्रकारातले सर्वांत महागडे धाडस आहे.

अमेरिकेत वाट थोडी वेगळी. ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’चा चित्रपट १९९१ मध्ये आला तेव्हा चार्ल्स अ‍ॅडम्सची मूळ व्यंगचित्रे हाताशी होती, त्यामुळे मालिकेपलीकडे जाता आले. ‘द ब्रेडी बंच मूव्ही’ने (१९९५) तर अडचणीचाच विनोद केला: १९७० च्या दशकातले गोडगोड कुटुंब जसेच्या तसे ठेवले आणि भोवतालचे जग १९९० च्या दशकातले केले. पात्रे बदलत नाहीत हीच गोष्ट. ‘बिविच्ड’ (२००५) याच्या उलट टोकाला गेला. त्यात मालिकेचे पुनर्निर्माण करणाऱ्या लोकांचीच गोष्ट रचली होती. कल्पना चतुर, पण मूळ मालिकेवर जीव असलेल्याला त्यात आपले घर कुठेच सापडले नाही.

हिंदी आणि मराठी

‘खिचडी : द मूव्ही’ (२०१०) हा मालिकेवरून निघालेला पहिला भारतीय चित्रपट असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. मराठी वाचकाने ते हसून सोडून द्यावे. चि. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात आले, घराघरांत पोचले, आणि १९७९ मध्ये विनय धुमाळे दिग्दर्शित ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट आला. त्याही आधी मास्टर विनायक यांनी ‘लग्न पाहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांना घेऊन ही जोडी पडद्यावर आणली होती. पुस्तक, चित्रपट, दूरदर्शन आणि पुन्हा चित्रपट असा हा प्रवास आहे. जोडीला एकाहून जास्त चेहरे मिळाले तरी ती टिकली. पात्रे लेखनातच इतकी पक्की होती की कोणत्याही नटाला त्यांच्यावर संपूर्ण मालकी सांगता आली नाही.

‘खिचडी’त दिग्दर्शक आतिश कपाडिया यांनी मालिकेतल्या पारेख कुटुंबाचा बथ्थडपणा तसूभरही कमी केला नाही. आपली प्रेमकहाणी लोकांच्या लक्षात राहावी म्हणून हिमांशू धडपडतो, एवढाच धागा. बाकी हंसा आणि प्रफुल्ल यांचे शब्दांवरून चालणारे गोंधळ मालिकेतलेच. जयश्रीच्या भूमिकेत वंदना पाठक यांच्याऐवजी निमिषा वखारिया होत्या, आणि चाहत्यांनी ते बरोबर हेरले. २०२३ च्या दुसऱ्या भागात वंदना पाठक परतल्या.

‘चला मुसद्दी… ऑफिस ऑफिस’ (२०११) चे उदाहरण रचनेच्या दृष्टीने जास्त बोलके आहे. मालिकेत पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर वेळी नव्या कचेरीत जातो आणि तिथे पटेल, भाटिया, शुक्ला, पांडे, उषाजी हेच पाच जण नव्या खुर्च्यांवर बसलेले असतात. चित्रपटात कागदोपत्री मृत ठरल्यामुळे त्याची पेन्शन अडते. माणूस समोर उभा असताना तो हयात असल्याचा दाखला मागणारी कचेरी ठाण्यातल्या पेन्शनरांना समजावून सांगावी लागत नाही. गोष्ट मोठी झाली, मुसद्दीलाल मात्र तेवढाच गरीब राहिला. कल्पना बरोबर होती. पण एका भागात झटकन बसणारा चिमटा दोन तास धरला की त्याची कळ जाते.

मराठीत याची उदाहरणे मोजकीच आहेत. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ घ्या. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली, केदार शिंदे दिग्दर्शित ही मालिका २००१ पासून अल्फा मराठीवर आली. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या ही पाच माणसे आजही नौपाड्यात, चरईत कुणाच्याही जेवणाच्या ताटावर नावाने निघतात. तिच्यावर चित्रपट झाला नाही, आणि प्रस्तुत नोंदकाराच्या मते ते बरेच झाले. टिपऱ्यांच्या घरात घडते ते सगळे वाणसामान, परीक्षा, पाहुणे, फोनचे बिल या मापाचे. त्यातून दोन तासांची गोष्ट काढायची तर शलाकाचे लग्न लावावे लागेल किंवा आबांना काहीतरी व्हावे लागेल. पहिले केले तर तो लग्नाचा चित्रपट होईल, दुसरे केले तर रडका. टिपरे दोन्हीत हरवतील.

ठाणे-नवी मुंबईचा प्रेक्षक

इथे आणखी एक स्थानिक कारण काम करते. मालिकेतला आवडता चेहरा प्रत्यक्ष बघायचा झाला तर ठाणेकर आधी नाटकाला जातो. मासुंदा तलावाकाठचे, १९७८ पासूनचे गडकरी रंगायतन, घोडबंदर पट्ट्यातले काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह: शनिवार-रविवारी या तिन्ही ठिकाणी मालिकांतले नट रंगमंचावर उभे असतात. तिथे हशा जिवंत असतो, नट त्यासाठी थांबतो, आणि मध्यंतरात बटाटेवडा मिळतो. घरच्या ओळखीच्या पात्राला घराबाहेर जाऊन भेटण्याची हौस अशी परस्पर भागते. ब्रिटनमध्ये ती हौस चित्रपटाने भागवली.

चित्रपटगृहांचे स्वरूपही बदलले. एकेकाळी ठाण्यात एकपडदा टॉकीजची माळच होती. त्यांतल्या वंदनाचे नाव आज एसटी स्थानकाला जास्त चिकटलेले आहे. आता खेळ ठरतात ते मॉलमधल्या पडद्यांवर, आणि मराठी चित्रपटाला मिळणारी वेळ हा जुना वाद आहे. मल्टिप्लेक्सनी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपटाला खेळ द्यावा असे राज्य सरकारने २०१५ मध्ये ठरवले. पण विनोदी मालिकेचा निष्ठावान प्रेक्षक म्हणजे आजी-आजोबा आणि शाळकरी मुले. ते एकटे मॉलला जात नाहीत; कुणाला तरी सुट्टी असावी लागते. शिवाय जुने भाग मोबाइलवर फुकट किंवा जवळपास फुकट दिसत असताना ‘त्यातच नवीन काय?’ हा प्रश्न घरातल्या कमावत्या माणसाकडून हमखास येतो.

हक्क आणि परवाने

मालिकेचा चित्रपट करायचा तर आधी पात्रे कुणाची हे ठरवावे लागते. लेखक, निर्माता आणि चॅनेल यांच्यातला करार जुना असेल तर गुंता ठरलेलाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर करार करताना अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमासाठी हक्क दिले गेले असे मानले जात नाही, त्याचा स्पष्ट उल्लेख असेल तरच. त्यामुळे चॅनेलने सगळे हक्क घेतले आहेत असे तोंडी सांगून भागत नाही; जुनी कागदपत्रे काढावी लागतात. शीर्षकगीताचे हक्क पुष्कळदा संगीत कंपनीकडे असतात, आणि ज्या धूनवर प्रेक्षक टाळी वाजवणार ती मिळाली नाही तर चित्रपटाचा पहिला मिनिटच परका वाटतो.

मराठी चित्रपटाचे नाव अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे नोंदवण्याची पद्धत आहे. प्रदर्शनापूर्वी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचा दाखला लागतो, जो मालिकेला कधी लागलेला नसतो. टीव्हीवर संध्याकाळी सहज खपून गेलेला एखादा द्वयर्थी संवाद इथे कापला जाऊ शकतो किंवा त्यामुळे यूए १३+ सारखे वयाचे बंधन लागू शकते. नातवंडांच्या भरवशावर काढलेल्या चित्रपटाला ते परवडत नाही, म्हणून अनुभवी निर्माते पटकथेच्या टप्प्यावरच असे संवाद गाळतात.