कर्करुग्णांच्या जीवनगुणवत्तेचे तंत्रज्ञानाद्वारे मापन : ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात

कर्करोग आणि त्यावरचे उपचार यांचा रुग्णाच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे ठरावीक प्रश्नांमधून रुग्णाच्याच तोंडून जाणून घेणे आणि त्या उत्तरांचे गुणांत रूपांतर करणे याला जीवनगुणवत्तेचे मापन म्हणतात. पूर्वी हे काम कागदी प्रश्नावलीवर होत असे. आता त्यासाठी टॅबलेट, मोबाइल, आपोआप लागणारे फोन, मनगटी पट्टे अशी साधने वापरली जातात. गाठ किती सेंटिमीटरची आहे हे यंत्र सांगते, हिमोग्लोबिन किती हे रक्त सांगते. रात्री झोप लागते का, घास गिळतो का, वावरात जाणे होते का, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

रुग्णाची अवस्था आकड्यात मांडण्याचा प्रयत्न जुना आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस आलेली कार्नोफ्स्की मोजपट्टी रुग्णाला ० ते १०० गुण देते, पण हे गुण डॉक्टर देतात. रुग्णाने स्वतः सांगितलेलेच ग्राह्य धरायचे, हा विचार पुढच्या काही दशकांत रुजला. १९९३ साली दोन महत्त्वाच्या प्रश्नावल्या प्रसिद्ध झाल्या : कर्करोग संशोधन व उपचारांसाठीच्या युरोपीय संघटनेची ‘क्यूएलक्यू-सी३०’ आणि अमेरिकेतील ‘फॅक्ट-जी’. पहिलीत ३० प्रश्न आहेत, दुसरीत २७. वेदना, थकवा, मळमळ, भूक अशा लक्षणांना ० ते १० गुण देणारी एडमंटन लक्षणपट्टी १९९१ची. ती आटोपशीर असल्याने वेदनाशामक सेवेत अधिक वापरली जाते.

सी३० प्रश्नावलीत शारीरिक क्षमता, कामधंदा, मन, स्मरण-एकाग्रता आणि कौटुंबिक-सामाजिक जीवन अशी पाच अंगे तपासली जातात. त्यांच्या जोडीला थकवा, मळमळ-उलटी, वेदना, धाप, झोप, भूक, बद्धकोष्ठ, जुलाब आणि पैशाची ओढाताण हेही विचारले जाते. पहिल्या २८ प्रश्नांना ‘अजिबात नाही’पासून ‘खूप जास्त’पर्यंत १ ते ४ असे पर्याय असतात. शेवटचे दोन प्रश्न एकूण प्रकृती आणि एकूण जगणे यांविषयीचे असून त्यांना १ ते ७ गुण देता येतात.

गुण कसे निघतात ते वेदनेच्या उदाहरणाने पाहू. वेदनेवर दोन प्रश्न आहेत : गेल्या आठवड्यात दुखले का, आणि दुखण्याने रोजच्या कामात अडथळा आला का. एखाद्या बाईने पहिल्याला ३ आणि दुसऱ्याला ४ असे उत्तर दिले, तर सरासरी ३.५ येते. त्यातून १ वजा करून ३ने भागायचे आणि १००ने गुणायचे. वेदनेचा गुणांक येतो ८३.३. औषध बदलल्यावर पुढच्या आठवड्यात तिने २ आणि २ सांगितले, तर तो ३३.३ होतो. लक्षणांत जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, क्षमतेत जास्त गुण म्हणजे बरी स्थिती. साधारणपणे १० किंवा अधिक गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाला स्वतःला जाणवण्याजोगा मानतात. हा हिशेब हाताने करायला वेळ लागतो आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत तो कोणी करत नाही. टॅबलेट तो जागीच करून मागच्या भेटीशेजारी मांडून दाखवतो. तंत्रज्ञानाचा पहिला उपयोग एवढा साधा आहे.

दुसरा उपयोग मोठा आहे : रुग्ण घरी असताना त्याची खबर मिळणे. याविषयीचा सर्वांत ठोस पुरावा न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील चाचणीतून आला. आजार शरीरात पसरलेल्या आणि केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाने १२ नेहमीच्या लक्षणांची माहिती संकेतस्थळावर भरायची. लक्षण तीव्र झाले किंवा बिघडले की परिचारिकेला आपोआप सूचना जाई. २०१६ साली आलेल्या निष्कर्षांनुसार या गटात ३४ टक्के रुग्णांची जीवनगुणवत्ता सुधारली, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १८ टक्क्यांची. पुढच्या वर्षी आयुर्मानाचे आकडे आले : माहिती भरणाऱ्या गटाचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने, नेहमीची सेवा मिळालेल्या गटाचा २६.० महिने. औषधे दोन्हीकडे नेहमीचीच होती. आणखी एक गोष्ट ग्रामीण भागासाठी फार मोलाची आहे. संगणकाची सवय नसलेल्या रुग्णांना या पद्धतीचा फायदा अधिक झाला.

या चाचणीचा अर्थ लावताना अॅपकडे पाहिले जाते आणि परिचारिका विसरली जाते. सूचना आल्यावर ७७ टक्के वेळा परिचारिकांनी काही ना काही केले : फोन करून सल्ला दिला, औषध बदलून घेतले, रुग्णाला बोलावले. माहिती गोळा झाल्याने कोणाचे आयुष्य वाढत नाही, ती वाचून कोणी तरी हालचाल केल्याने वाढते. ग्रामीण विदर्भात अशी व्यवस्था उभी करताना हीच बाब सर्वांत आधी ठरवली पाहिजे. उत्तर कोण वाचणार, किती तासांत वाचणार आणि गावापर्यंत काय पोचवणार, हे ठरलेले नसेल तर रुग्णाला दर आठवड्याला तीस प्रश्न विचारणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

विदर्भाच्या ११ जिल्ह्यांतील रुग्ण मुख्यतः नागपूर आणि वर्धा परिसरात उपचारांना येतात : राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचे रुग्णालय. सिरोंचा ते नागपूर हे अंतर ३०० किलोमीटरहून जास्त आहे. मेळघाटातल्या धारणीहून किंवा भामरागडहून निघालेल्या माणसाचाही एका दिवसात जाऊन-येऊन निभाव लागत नाही. त्यामुळे केमोचा डोस घेऊन रुग्ण गावी परततो तो थेट पुढच्या तारखेलाच दिसतो. डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला तर तो तातडीचा प्रसंग असतो, आणि नेमका तेव्हाच रुग्ण घरी असतो. गावात तापाची गोळी देऊन दोन दिवस वाट पाहिली जाते. सी३० प्रश्नावलीत तापाचा प्रश्नच नाही, कारण ती जगण्याचा दर्जा मोजते, धोका टिपत नाही. म्हणून दूरस्थ पाहणीत ताप, रक्तस्राव, पाणीही न गिळणे असे दोन-तीन प्रश्न वेगळे घालावे लागतात.

या भागात मुखकर्करोगाचे ओझे मोठे आहे. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा खर्रा चौकाचौकात मिळतो. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली झाली, तरी खर्रा चालूच राहिला. गडचिरोलीत २०१६पासून मुक्तिपथ अभियान तंबाखू आणि दारूविरुद्ध काम करते. खर्रा खाणाऱ्यांपैकी अनेकांचे तोंड कर्करोगाआधीच आखडलेले असते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांनंतर ते आणखी आवळते. वरच्या-खालच्या समोरच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झाले तर त्याला जबडा आखडणे म्हणतात. रुग्णाच्या भाषेत सांगायचे तर तीन बोटे आत जात नाहीत.

डोके व मानेच्या कर्करोगासाठी सी३०ला ३५ प्रश्नांची वेगळी पुरवणी जोडली जाते. पातळ, मऊ आणि घट्ट अन्न गिळायला त्रास होतो का, तोंड कोरडे पडते का, लाळ चिकट झाली का, घरच्यांसमोर जेवायला अवघड वाटते का, असे तिचे प्रश्न आहेत. हा शेवटचा प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे. भाकर दुधात किंवा वरणात कुस्करूनही गिळताना खोकला येतो, घास बाहेर येतो, म्हणून माणूस पंगतीत बसणे टाळतो, लग्नाला जात नाही, पुढे घरातही सगळ्यांचे झाल्यावर एकटा जेवतो. वजन उतरू लागते ते नंतर. तपासणीत डॉक्टरांना वजन दिसते, एकट्याने जेवणे या एका प्रश्नातूनच समोर येते. याच पुरवणीत फोनवर बोलायला त्रास होतो का, असाही प्रश्न आहे. जिभेचा किंवा स्वरयंत्राचा भाग काढलेल्या रुग्णाला बोलून उत्तर द्यायला लावणारी यंत्रणा त्यामुळे पहिल्याच पायरीवर अडते. त्याला बटण दाबून उत्तर देता आले पाहिजे.

म्हणूनच स्मार्टफोनच्या अॅपपेक्षा आपोआप येणारा फोन या भागाला जास्त जवळचा आहे. अमेरिकेत ५२ वैद्यकीय केंद्रांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांना इंटरनेट किंवा असा फोन यांपैकी एक निवडण्याची मुभा होती, आणि त्यातही लक्षणे आटोक्यात राहण्यास मदत झाली. साध्या बटणांच्या फोनवर हे चालते, रिचार्ज संपला तरी येणारा फोन काही काळ घेता येतो आणि वाचता येण्याची गरज नसते. ध्वनिमुद्रित आवाज विचारतो : ‘मागच्या आठ दिवसांत तुम्हाले दुखलं काय? अजिबात नाही तर एक दाबा.’ प्रमाणित प्रश्नांची वाक्ये मनाने बदलता येत नाहीत, नाही तर गुणांची तुलना कोसळते. मराठी आवृत्त्या उपलब्ध आहेत. वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतली आवृत्ती हवी असेल तर ती रुग्णांवर तपासून घ्यावी लागते. गोंडी, माडिया आणि कोरकू बोलणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्यांच्यासाठी मराठी आवाजही परकाच ठरतो.

० ते १० ही पट्टी वयस्कर रुग्णांना चटकन उमगत नाही. ‘बारा आणे फरक आहे’, ‘आठ आणे आराम हाय’ असे मात्र ते सहज सांगतात. पिकाची पैसेवारी ऐकत आयुष्य गेलेल्या शेतकऱ्याला रुपयातला हिस्सा सांगणे जमते. लक्षणांच्या झटपट नोंदीसाठी अशी आण्यांची पट्टी पडताळून पाहण्यासारखी आहे.

फोन कोणाचा, हा प्रश्न तांत्रिक वाटतो पण तो निकालच बदलतो. अनेक घरांत फोन मुलाच्या किंवा नातवाच्या खिशात असतो आणि उत्तरेही तोच देतो. नातेवाईक वेदना आणि मनःस्थिती रुग्णाच्या सांगण्यापेक्षा वाईट सांगतात, तर डॉक्टर-परिचारिका लक्षणे कमी धरतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. चालणे, उलटी अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत दोघांचे जुळते. म्हणून उत्तर कोणी दिले याची नोंद प्रत्येक वेळी घ्यावी. शिवाय कित्येक घरांत आजाराचे नाव म्हाताऱ्या माणसाला सांगितलेलेच नसते. ‘कर्करोग विभागातून फोन आहे’ असे यंत्राने स्पीकरवर जाहीर केले तर घरच्यांनी महिनोन्‌महिने झाकलेले अंगणात उघडे पडते. फोनची सुरुवात ‘दवाखान्यातून’ एवढ्यावरच थांबावी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील लैंगिक जीवनाचे प्रश्न तर फोनवर विचारूच नयेत, ते परिचारिकेने एकांतात विचारावेत.

मनगटी पट्टे पावले, झोप आणि नाडी मोजतात. शहरातल्या रुग्णाची पावले घटली तर प्रकृती ढासळल्याचा तो इशारा असू शकतो. ग्रामीण विदर्भात तो अर्थ जसाच्या तसा लावता येत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा धडधाकट माणूसही दुपारी घराबाहेर पडत नाही. उलट निंदणाला गेलेली बाई दिवसभर उकिडवी बसून सरकत असते, तिचे श्रम पावलांत मोजले जात नाहीत. ‘कामात अडथळा आला का’ या प्रश्नालाही हंगाम असतो. पूर्वेकडे धानाची रोवणी आणि पश्चिमेकडे कापसाची वेचणी चालू असताना जे गुण येतात, ते उन्हाळ्यात बसून काढलेल्या महिन्याच्या गुणांशी ताडताना तारीख पाहावीच लागते.

पैशाच्या ओढाताणीवर सी३०मध्ये एकच प्रश्न आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च निघतो. सोबत्याची बुडालेली मजुरी, नागपुरातले दोन वेळचे जेवण, किरणोपचारांचे सहा-सात आठवडे खोली घेऊन राहणे यांचा भार घरावरच पडतो. या प्रश्नाला ४ उत्तर आले तर ते डॉक्टरांऐवजी समाजसेवा अधीक्षकांकडे जायला हवे, कारण उपचार अर्ध्यावर सुटण्याची चाहूल तिथे लागते.

उत्तर न येणे हीसुद्धा माहिती आहे. सर्वांत आजारी माणूस सर्वांत आधी फोन उचलणे थांबवतो. त्याला हिशेबातून वगळले तर उरलेल्यांची सरासरी फसवी चांगली दिसते. नेटवर्क नसणे आणि प्रकृती खालावणे यांतला फरक दवाखान्यात बसून कळत नाही. लागोपाठ दोन-तीन फोन न घेतल्यास गावातल्या आशाताईंना निरोप जावा आणि त्यांनी घरी जाऊन पाहावे, अशी रचना लागते. तीस वर्षांवरील लोकांची असंसर्गजन्य आजारांसाठी यादी आशाताईंकडे असतेच आणि घरही त्यांच्या ओळखीचे असते. मात्र हे काम मानधनाविना त्यांच्या गळ्यात घालू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याला ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून मोठ्या रुग्णालयाचा सल्ला घेता येतो, त्यामुळे प्रत्येक सूचनेसाठी नागपूर गाठण्याची गरज उरत नाही.

आजार बरा होण्यापलीकडे गेला की प्रश्न कमी करावेत. शेवटच्या आठवड्यांत तीस प्रश्नांचा फोन हाच त्रास होतो. तेव्हा वेदना, धाप, झोप आणि शौच एवढे विचारले आणि मॉर्फिनच्या गोळ्या वेळेवर पोचतात का हे पाहिले तरी पुरे. मादक पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी मॉर्फिन मिळवण्याची वाट सोपी झाली, पण ते तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध नसेल तर वेदनेचा गुणांक नोंदवून हाती काहीच लागत नाही.

गोळा झालेली माहिती वैयक्तिक आणि डिजिटल स्वरूपातली असल्याने ती डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३च्या कक्षेत येते. ज्यांना वाचता येत नाही त्यांची संमती अंगठा उमटवून उरकू नये. काय विचारले जाईल, कोण ऐकेल आणि ‘नको’ म्हटले तरी उपचार तसेच चालू राहतील, हे त्यांच्या बोलीत ऐकवून ती घ्यावी.