एकाच अल्बमला पाच तारे आणि शून्यही

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन ते पाच मिनिटांचंच संगीत मावायचं. एखादी सिम्फनी पूर्ण ऐकायची तर चार-पाच रेकॉर्ड लागत. त्या फुटू नयेत म्हणून फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत, एकेका पाकिटात घालून विकल्या जात. अल्बम हे नाव तिथलं. १९०९ मध्ये ओडिऑन कंपनीने चायकोव्हस्कीचा 'नटक्रॅकर सुइट' असाच चार रेकॉर्डच्या संचात काढला होता.

या संचांचं नेमाने परीक्षण करण्याची रीत लंडनच्या 'द ग्रामोफोन' मासिकाने रुजवली. कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकाराने ते १९२३ साली सुरू केलं. शास्त्रीय संगीतात परीक्षकाचं काम त्या मानाने सरळ होतं. बीथोवनला गुण द्यायचे नव्हतेच. वादकांनी तीच रचना कशी वाजवली, लय कुठे ढळली, मुद्रणात कोणतं वाद्य दबलं, एवढं पाहायचं. आधीचं वादन तुलनेला समोर असायचंच.

जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं सलग मिळाली. आता गाण्यांचा क्रमसुद्धा जोखण्याची गोष्ट झाली: सुरुवात कशाने केली, रेकॉर्ड उलटायच्या आधी श्रोत्याला कुठे आणून सोडलं.

जॅझमध्ये मात्र जुनी फूटपट्टी पुरेना, कारण तिथे रचना वाजवता वाजवताच घडते. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांचा 'फ्री जॅझ' याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. डिसेंबर १९६० मध्ये मुद्रित झालेल्या या अल्बममध्ये वादकांच्या दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात, एक डाव्या बाजूने, दुसरी उजव्या बाजूने. सुमारे ३७ मिनिटं हे चालतं, मध्ये फक्त रेकॉर्ड उलटण्यापुरती उसंत. शिकागोच्या 'डाऊनबीट' मासिकाने १९६२ च्या जानेवारीत त्याचं परीक्षण दोघांकडून करून घेतलं. पीट वेल्डिंग यांनी पाचपैकी पाच तारे दिले, जॉन टायनन यांनी एकही नाही. संपादकांनी सरासरी काढून अडीच तारे छापले नाहीत, याबद्दल मला आजही त्यांचं कौतुक वाटतं. हेडफोन लावून ऐकलं की दोन्ही निकाल पटतात. ठरलेल्या स्वरसंगतींचा सांगाडा शोधत बसलं तर हाती गोंगाट येतो. पण डाव्या कानातला ड्रम उजव्या कानातल्या ड्रमला कसं उत्तर देतो याच्या मागे लागलं, तर अर्धा तास कसा गेला ते कळत नाही.

रॉकने पुढे स्वतःची समीक्षा उभी केली. १९६६ मध्ये पॉल विल्यम्स या कॉलेजातल्या मुलाने 'क्रॉडॅडी' मासिक काढलं, १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'रोलिंग स्टोन' आलं, आणि १९६९ पासून समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात अल्बमना शाळेसारख्या श्रेणी देऊ लागले. गाणं गायकाने स्वतः लिहिलेलं असावं, वाद्यं प्रत्यक्ष वाजवलेली असावीत, अख्ख्या अल्बमला एक म्हणणं असावं, अशा कसोट्या तिथे घट्ट झाल्या. रॉकपुरत्या त्या रास्तही होत्या. पण त्याच डिस्कोला लावल्या, पॉपला लावल्या, आणि घोळ झाला. नाचासाठी केलेल्या संगीतात तोच ठेका पुन्हा पुन्हा येणं हीच ताकद असते. रॉकच्या कानाला तो तोचतोचपणा वाटतो. संगीतकार ब्रायन ईनो यांनी तर १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या अल्बमसोबत लिहूनच ठेवलं की असं संगीत रस घेऊन ऐकता यावं तितकंच सहज दुर्लक्षिताही यावं. लक्ष खिळवून ठेवत नाही, ही तक्रार अशा अल्बमबद्दल कशी करणार?

रॉकची फूटपट्टी सगळीकडे लावण्याच्या या सवयीला 'रॉकिझम' म्हणतात. समीक्षक केलेफा सॅने यांनी २००४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या लेखातून तिच्यावर नेमकं बोट ठेवलं आणि वाद चव्हाट्यावर आला. हिप-हॉपवाले तोवर थांबले नव्हते. हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांनी १९८८ मध्ये सुरू केलेलं 'द सोर्स' मासिक ताऱ्यांऐवजी माइक देत असे. पाच माइक म्हणजे सर्वोच्च मान, आणि तो ठरवणारी माणसं याच संगीतात वाढलेली.

इंटरनेटवर 'पिचफोर्क' या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने गुण दशांशापर्यंत नेले, ०.० ते १०.०. एवढ्या बारीक मापामुळे निकालाला शास्त्रीय वजन आल्यासारखं वाटायचं. गायिका लिझ फेअर १९९३ च्या पहिल्या अल्बममुळे इंडी, म्हणजे बड्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र रॉकची लाडकी झाली होती. २००३ मध्ये तिने चकचकीत पॉपकडे वळून स्वतःच्याच नावाचा अल्बम काढला, तेव्हा पिचफोर्कने त्याला ०.० दिले. त्या परीक्षकाने २०१९ मध्ये तिची जाहीर माफी मागितली. २०२१ मध्ये पिचफोर्कने काही जुन्या अल्बमचे गुण फेरतपासले, त्यात हाही होता. गाणी तीच, क्रम तोच. या वेळी गुण मिळाले ६.०.