समोरचा गप्प आहे, पण कोणता गप्प?

होल्डेम पोकरमध्ये (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची सामायिक पाच) जो स्वतःहून कधी वाढवत नाही, नुसता चेक करतो (काही न लावता पाळी पुढे देतो) किंवा तुमच्या बेटइतकं, म्हणजे तुम्ही लावलं तेवढंच, टाकून मागे येतो (कॉल करतो), त्याला सगळे सरसकट थंड खेळाडू म्हणतात. पण थंड खेळाडू दोन जातींचे असतात. हातात भारी पानं आल्यावर कमाई किती होणार, हे त्यांतला फरक ओळखण्यावर ठरतं.

पहिला जवळपास प्रत्येक डावात शिरतो आणि ‘बघू तर’ म्हणत शेवटपर्यंत कॉल करतो. पोकरवाले त्याला कॉलिंग स्टेशन म्हणतात. दुसरा तासभर डाव सोडत बसतो, चांगलं आलं तरच येतो, आणि आला तरी वाढवत नाही. तो रॉक. एखाद्या डावात दोघंही सारखेच दिसतात: दोघांनी कॉल केलेला असतो आणि दोघंही गप्प असतात. त्या कॉलमागची पानं मात्र वेगळी.

आधी स्टेशन. समजा तुमच्या हातात इस्पिक आणि किलवरचा राजा आहे. मध्ये पहिली तीन पानं उघडली: चौकट राजा, बदाम अठ्ठी, बदाम तिर्री. म्हणजे तुमचे तीन राजे. मध्ये 100 चिंचोके आहेत आणि समोर मामा बसलेत, जे कधी डाव सोडत नाहीत. (चिंचोकेच म्हणतोय. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केलेत. आणि सोयाबीन-कापसाचा पैसा पत्त्यांवर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.)

इथं बहुतेकांचा मोह एकच असतो: भारी पानं लपवायची, चेक करायचं, मामांना वाटू द्यायचं की आपल्याकडे काही नाही. समोरचा आक्रमक असेल तर हे चालतं, कारण तो तुमच्या वतीनं बेट लावतो. मामा लावणार नाहीत. तेही चेक करतील आणि पुढचं पान फुकटात उघडेल.

हिशेब करून बघा. (या तीन पानांनंतर आणखी एक, मग आणखी एक उघडतं, म्हणजे लावायच्या तीन फेऱ्या.) प्रत्येक फेरीला मध्ये आहे त्याच्या निम्मं लावलं आणि मामांनी कॉल केला, तर 100 चे 200, 200 चे 400, 400 चे 800 होतात. मामांचे 350 आत येतात. पहिली फेरी चेकमध्ये घालवली तर पुढच्या दोन फेऱ्यांत त्यांचे फक्त 150 येतात. निम्म्याऐवजी पाऊणपट लावलं आणि ते तिन्ही वेळा आले, तर साधारण 730. स्टेशनला बेटच्या आकाराशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला पान बघायचं असतं. म्हणून त्याच्यासमोर मोठंच लावायचं.

त्यांच्याकडे दोन बदाम असतील तर? मध्ये तिसरा उघडला की त्यांचे पाच बदाम, म्हणजे रंग होतो, आणि तो तीन राजांना हरवतो. पुढच्या पानाला तिसरा बदाम येण्याची शक्यता पाचांत एक, आणि त्यातला बदामाचा राजा आला तर उलट तुमचेच चार राजे होतात. तुम्ही 100 मध्ये 50 लावले, तर 150 जिंकायला मामांना 50 टाकावे लागतात. ते परवडायला चारांत एकदा तरी जिंकायला हवं. म्हणजे त्या पानापुरता त्यांचा कॉल तोट्याचा आहे. चेक केलंत तर तेच पान त्यांना फुकट मिळतं.

आपल्याकडे लहान बेटची सवय तीन पत्तीतून येते, असं माझं मत आहे. तिथं चालीची रक्कम आधीच्या चालीशी बांधलेली असते, मध्ये किती जमलंय त्याच्याशी नाही. आणि पानं एकदा वाटली की बदलत नाहीत, त्यामुळे हळूहळू ओढत नेण्यात धोका कमी. नो-लिमिट होल्डेममध्ये (जिथं बेटला वरची मर्यादा नसते) पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडतात आणि बेट मध्याच्या रकमेकडे बघून लावायची असते. तीन पत्तीत मुरलेला माणूस 400 मध्ये 20 लावतो, तिथं त्याची अर्धी कमाई जाते.

आता रॉक. तीन राजे असतील तर त्याच्यासमोरही लावायचंच, फक्त थोडं कमी, निम्म्याच्या आत. खरा फरक दिसतो एका जोडीला. तीच पानं उघडलीत, पण तुमच्या हातात एक्का आणि राजा आहे. स्टेशनसमोर ही तिन्ही फेऱ्या लावायची पानं आहेत: तो अठ्ठीच्या जोडीला, राजा-पंजीला, नुसत्या बदामांनाही कॉल करेल, आणि यांतल्या बहुतेकांच्या तुम्ही पुढे आहात. रॉक राण्यांची किंवा गुलामांची जोडी घेऊन पहिला लहान बेट धरेल, दुसऱ्याला बहुधा सोडेल. दोन्ही बेट धरून तो शेवटच्या पानापर्यंत आला, तर त्याच्याकडे राजा-राणी, तुमच्यासारखाच एक्का-राजा किंवा तीन अठ्ठ्या असतात. तिथं तिसरा मोठा बेट लावला तर कमजोर पानं सुटतात आणि वरचढ तेवढी राहतात. म्हणून चेक करा, किंवा पाव भाग लावून थांबा. तो मागून हूल देणार नाही (कमजोर पानांवर मोठं लावून घाबरवणार नाही), त्यामुळे चेकमध्ये फारसं काही जात नाही. हूल द्यायचीच असेल तर तुम्ही रॉकला द्या, आणि तीही लवकर, पहिल्या फेरीत. स्टेशनला हूल कधीच देऊ नये.

ओळखायचं कसं? चेहऱ्याकडे बघण्यात वेळ घालवू नका. पहिल्या दहा-पंधरा डावांत तो किती वेळा आत आला ते मोजा, आणि शेवटी पानं दाखवली जातात तेव्हा नीट बघा. तीन बेटना कॉल करून कोणी तिर्रीची जोडी दाखवली, तर तेवढा एक डाव पुरेसा आहे. चिंचोक्यांवर खेळताना रॉक तसे कमीच भेटतात, कारण कॉल करून कोणाचं काही जात नाही. त्यामुळे खात्री नसेल तर समोरचा स्टेशन आहे असं धरून लावत राहा.

एका ठिकाणी मात्र दोघांशी वागणं सारखंच. रात्रभर नुसता मागे येणारा माणूस चौथ्या किंवा पाचव्या पानावर अचानक तुमच्या बेटवर वाढवतो. ‘मामा आज गंमत करतायत’ असं समजून एक्का-राजा धरून बसू नका. थंड खेळाडू वाढवतो तेव्हा त्याच्याकडे खरोखर काहीतरी असतं: दोन जोड्या, त्रिकूट किंवा पुरा झालेला रंग. स्टेशन असेल तर थोडा विचार करायला जागा आहे, कारण त्याला दोन जोड्याही फार मोठ्या वाटतात आणि तुमचे तीन राजे तिथं पुढे असतात. रॉक असेल आणि तुमच्याकडे एकच जोडी असेल, तर पानं खाली ठेवा.