इमारती लाकूड उत्पादन, ठाणे जिल्हा

लागणारे इमारती लाकूड शक्यतो देशातच, पण जंगल मोडू न देता पिकवण्यासाठी केली जाणारी रोपवण, जोपासना व आखून केलेली तोड. ठाणे जिल्ह्यात हे काम मुख्यतः शहापूर व मुरबाड तालुक्यांत चालते. साग हे प्रमुख झाड. जोडीला ऐन, खैर, बिबळा, किंजळ व हेद. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर जव्हार-मोखाड्याकडची जंगले तिकडे गेली.

येथील वनव्यवस्थापनाचा इतिहास भांडणाचा आहे. भातरोपांसाठी राब भाजायला, म्हणजे फांद्या-पाला जाळून रोपांची जमीन तयार करायला, शेतकरी ऐनाच्या फांद्या छाटत, तर इंग्रजी वनखात्याला त्याच झाडांचे सरळ सोट हवे असत. ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. पुढे कूपतोडीतील (जंगलाच्या आखून दिलेल्या तुकड्यातील तोडीतील) ठेकेदारांची मक्तेदारी मोडण्यासाठी मुंबईचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४७ च्या सुमारास जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या आणि तोडीच्या नफ्यात आदिवासी कामगारांना वाटा मिळू लागला.

सागाची लागवड बहुधा जडीने होते. फळाचे कवच टणक असल्याने ते आलटून पालटून भिजवून-वाळवून गादीवाफ्यावर पेरतात. वर्षभराचे रोप उपटले की खोड बोटभर आणि सोटमूळ वीतभर ठेवून बाकी छाटतात. उरलेला गाजरासारखा तुकडा म्हणजे जडी. पहिल्या पावसात पहारीने भोक पाडून ती बसवायची आणि माती घट्ट दाबायची, कारण बुडाशी पोकळी राहिली तर जडी कुजते. सागाला पाणी तुंबलेले सोसत नाही. त्यामुळे भातखाचरे सोडून उताराची वरकस (हलकी, डोंगरउताराची) जमीन निवडतात. २ × २ मीटर अंतराने हेक्टरी २,५०० झाडे बसतात. वेळोवेळी विरळणी करून, म्हणजे मधली झाडे काढून, अखेरीस त्यांतली काहीशेच ठेवायची असतात. विरळणी टाळली की सगळीच झाडे काठीसारखी राहतात. वणवा अडवायला उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा (गवत-पाला जाळून मोकळे केलेले पट्टे) काढाव्या लागतात. चांगला सोट मिळायला सरकारी रोपवणात पन्नास-साठ वर्षे किंवा अधिक लागतात. पावसाळ्यात गाजणाऱ्या वृक्षारोपण मोहिमा मात्र रोपे मोजतात. राज्याने २०१९ साली ३३ कोटींचे लक्ष्य ठेवले होते. अशा आकड्यांवरून किती घनमीटर लाकूड हाती येईल, हे काहीच कळत नाही.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने नैसर्गिक जंगल हे उद्योगांच्या कच्च्या मालाचे कोठार नव्हे असे ठरवले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय (वनखात्याच्या तोड व लागवडीच्या आराखड्याशिवाय) जंगलतोड थांबवली. जंगल वाचवायला हे आवश्यकच होते, पण मागणी कमी झाली नाही. ती आयातीकडे वळली. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर घाना, इक्वेडोर अशा देशांतील लागवडीच्या सागाला महत्त्व आले. ठाणे-नवी मुंबईतील नव्या इमारतींत दाराच्या चौकटीला आता बाहेरचे लाकूड किंवा प्लायवूडच दिसते, आणि पन्नास-साठ किलोमीटरवर शहापुरात साग उभा असतो.

वाढीला खरा वाव मालकी जमिनीवर आहे. तिथे अडचण रोपांची नाही, परवानगीची आहे. साग, खैर, ऐन ही १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमातील अनुसूचित झाडे. स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही अर्ज, मोजणी, छातीइतक्या उंचीवर घेराची नोंद, वनखात्याच्या हातोड्याचा ठसा आणि वाहतूक परवाना लागतो. शिवाय १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे सातबाऱ्यावर ‘वन’ अशी नोंद चढल्याची उदाहरणे जिल्ह्यात असल्याने, झाडे वाढली की जमीन जाईल ही धास्ती आहे. ती नेहमीच रास्त नसते, पण लागवड रोखायला पुरेशी ठरते.

बांबूची वाट २०१७ मध्ये मोकळी झाली: भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून तो वगळला गेला आणि वनाबाहेरचा बांबू तोडणे-नेणे सुकर झाले. मांडव, परांची, टोपल्या यांना तो पुरतो. चौकटीला मात्र सागच लागतो, आणि त्याचे नियम अजून तितके सैल झालेले नाहीत.