घरी करायच्या लॅक्टोज श्वास-चाचणीची पूर्वतयारी

दूध प्यायल्यावर पोट फुगते, गुडगुडते किंवा जुलाब होतात, ते दुधातली साखर म्हणजेच लॅक्टोज न पचल्यामुळे का, हे या चाचणीतून पाहिले जाते. लहान आतड्यात न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचले की तेथील जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून तयार होणारा हायड्रोजन रक्तात मिसळून श्वासावाटे बाहेर पडतो. मात्र हा वायू लॅक्टोजपासून झाला की आदल्या रात्रीच्या उसळीपासून, हे श्वास तपासणाऱ्या यंत्राला कळत नाही.

म्हणून आदल्या दिवशी डाळी, उसळी, पोळी, भाकरी, कांदा, लसूण, भाज्या, फळे आणि दुधाचे सर्व पदार्थ वर्ज्य करावेत. पांढरा भात जवळजवळ पूर्ण पचतो, त्यामुळे तो चालतो. सोबत अंडे किंवा मीठ-तेलावर शिजवलेली कोंबडी अथवा मासळी घ्यावी. शाकाहारी ग्राहकांना हा दिवस बेचव जातो, पण त्याला इलाज नाही. रात्रीच्या जेवणानंतर १२ तास केवळ पाणी प्यावे. येथे उपवास याचा अर्थ साबुदाण्याची खिचडी, केळे किंवा ताक असा नव्हे, चहासुद्धा नको.

सकाळी दात घासून चूळ भरावी. मिश्री, तंबाखू, सिगारेट, सुपारी, बडीशेप टाळावी. चाचणी संपेपर्यंत व्यायाम करू नये आणि झोपूही नये, कारण दोन्हींमुळे वायूचे प्रमाण बदलते.

श्वासाचा पहिला नमुना लॅक्टोज घेण्यापूर्वीचा असतो. त्यानंतर पुडीतील २५ ग्रॅम लॅक्टोज पेलाभर पाण्यात विरघळवून प्यावे आणि ३ तास दर अर्ध्या तासाने नमुना घ्यावा. नेहमीसारखा श्वास घेऊन चाचणीच्या संचातील पिशवीत सावकाश फुंकावे. पिशवी फुगली की फुंकणे न थांबवता नमुन्याची नळी धारकात (नळी बसवायच्या खोबणीत) दाबून क्षणभराने काढावी. धारकात सुई असल्याने त्यात बोट घालू नये. नळीवर वेळ तेव्हाच लिहावी, नंतर आठवून नव्हे.

गेल्या ४ आठवड्यांत अँटिबायोटिक घेतले असल्यास किंवा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाली असल्यास चाचणी पुढे ढकलावी. रेचके (पोट साफ होण्याची औषधे) आठवडाभर आधी थांबवावी लागतात, परंतु कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. मधुमेह किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी पुडी फोडण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.