सान लेओ: कड्यावरचे गाव आणि त्याचा किल्ला

एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रिमिनीहून मारेक्किया नदीच्या खोऱ्याने आत शिरले की तीसेक किलोमीटरवर सान लेओचा खडक लागतो. चहूबाजूंनी तुटलेले कडे, माथ्यावर गाव आणि गावाच्याही वर, खडकाच्या अगदी टोकाला किल्ला. वर जायला वाट एकच. तीही कडा फोडून काढलेली आणि वेशीतून थेट गावात शिरणारी. इथे येणारे बहुतेक पर्यटक काल्योस्त्रो नावाच्या एका कैद्याची कोठडी पाहायला येतात. ती पाहावीच, पण काल्योस्त्रो इथे जेमतेम चार वर्षे होता. त्याच्या आधीच्या शेकडो वर्षांत या खडकाने एका राजाचा शेवट पाहिला, एका राजघराण्याला नाव दिले आणि किल्ले बांधण्याच्या बदलत्या विद्येचा एक उत्तम नमुना अंगावर मिरवला. त्या सगळ्यामागे कारण एकच होते: कड्याची उंची.

रोमन काळात या खडकाला मोन्स फेरेत्रुस म्हणत. ज्युपिटर फेरेत्रियस या देवाशी हे नाव जोडले जाते. आजूबाजूच्या डोंगराळ मुलखाचे मोन्तेफेल्त्रो हे नाव त्यावरूनच आले. ख्रिस्ती परंपरा सांगते की तिसऱ्या शतकाच्या अखेरीस दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून, आजच्या क्रोएशियातल्या राब बेटावरून, लेओ आणि मारिनो हे दोन पाथरवट रिमिनीत कामाला आले. पुढे मारिनो तितानो डोंगरावर जाऊन राहिला आणि तिथे सान मारिनोचे प्रजासत्ताक उभे राहिले. लेओ या खडकावर आला आणि इथला पहिला धर्मगुरू ठरला. कथेतला इतिहास किती आणि श्रद्धा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण दोन्ही डोंगर आजही एकमेकांना दिसतात आणि दोन्हींची नावे त्या पाथरवटांचीच आहेत.

या काळाची हाताने स्पर्श करता येईल अशी खूण म्हणजे गावातले सांता मारिया आस्सुन्ता हे जुने चर्च. माझ्या मते सान लेओत काही एकच गोष्ट पाहायची असेल, तर किल्ल्याआधी हे चर्च पाहावे. आतले खांब आणि त्यांवरचे कोरीव माथे जुन्या रोमन इमारतींतून उचलून आणलेले आहेत, म्हणून एकाची दुसऱ्याशी जोडी जमत नाही. वेदीवर चार खांबांवर तोललेली दगडी छत्री आहे. तिच्यावरच्या लेखात ओर्सो नावाच्या ड्यूकचे नाव कोरले आहे आणि तो नवव्या शतकाच्या अखेरीचा आहे. म्हणजे इथे इतक्या उंचीवरही कारागीर बोलावून दगड घडवून घेण्याइतकी ऐपत आणि हौस असलेली सत्ता तेव्हा नांदत होती. शेजारचे कॅथेड्रल त्यानंतरचे, ११७३ सालचे. पिवळसर वालुकाश्मात बांधलेली ती भारदस्त वास्तू आहे आणि तिचा घंटामनोरा वेगळा उभा आहे. तळघरात संत लेओच्या शवपेटीचे फक्त झाकण आहे. अकराव्या शतकात सम्राट दुसरा हेन्री संताच्या अस्थी घेऊन उत्तरेकडे निघाला, पण फेरारा शहराजवळ वोगेन्झा इथे घोडे अडले ते पुढे जाईनात, म्हणून अस्थी तिथेच राहिल्या, असे परंपरा सांगते.

हा खडक युरोपच्या मोठ्या राजकारणात आला तो दहाव्या शतकात. इटलीचा राजा दुसरा बेरेंगार ९५० मध्ये गादीवर आला. आधीच्या राजाची विधवा आदेलाइदे हिला त्याने कैदेत टाकले. ती निसटली, जर्मनीचा राजा ओट्टो तिच्या बाजूने आल्प्स ओलांडून उतरला आणि त्याने तिच्याशी लग्नच केले. पुढची दहा वर्षे बेरेंगार कधी मांडलिक, कधी बंडखोर अशा अवस्थेत तगून राहिला. अखेर ओट्टो मोठी फौज घेऊन पुन्हा आला, २ फेब्रुवारी ९६२ रोजी रोममध्ये त्याने सम्राटपदाचा मुकुट धारण केला आणि बेरेंगारला मैदानात थारा उरला नाही. बेरेंगारने आसरा घेतला तो सान लेओत. त्याची राणी विल्ला ओर्ता सरोवरातल्या बेटावर वेढ्यात सापडली होती; तिथून सुटून तीही इथे आली.

९६३ चा उन्हाळा ओट्टोने या कड्याच्या पायथ्याशी काढला. एवढा बलाढ्य सम्राट, पण वर चढणारी वाट एकच आणि ती राखायला मूठभर माणसे पुरेशी. वेढा चालू असतानाच रोममध्ये पोप बाराव्या जॉनने बाजू बदलून बेरेंगारच्या मुलाशी संधान बांधले. ओट्टोला फौजेचा काही भाग मागे ठेवून रोमकडे धावावे लागले. तरीही वेढा उठला नाही आणि वर्षाच्या शेवटी गडावरच्यांनी हात टेकले. राजाराणीची रवानगी जर्मनीतल्या बाम्बेर्गला झाली आणि ९६६ मध्ये बेरेंगार तिथेच वारला. या दोन वर्षांच्या आधारावर सान लेओचे लोक आपले गाव एकेकाळी इटलीची राजधानी होते असे अभिमानाने सांगतात. राजा जिथे असतो तिथे राजधानी, असा हिशेब धरला तर त्यांचे खोटे नाही.

बाराव्या शतकात कार्पेन्या घराण्याची एक शाखा इथे येऊन राहिली आणि तिने या जागेचे नाव घेतले. हेच पुढे शेजारच्या उर्बिनो राज्याचे ड्यूक झालेले मोन्तेफेल्त्रो घराणे. त्यांच्याच दरबारी समारंभात ८ मे १२१३ रोजी फ्रान्सिस्कन पंथाचा संस्थापक संत, अस्सिसीचा फ्रान्सिस, गावात येऊन पोचला. घराण्यातल्या एका तरुणाला सरदारकीची वस्त्रे मिळणार होती, आसपासचे उमराव जमले होते. फ्रान्सिसने चौकातल्या एल्म वृक्षाखाली प्रवचन केले. ऐकणाऱ्यांत क्युझीचा काउंट ओर्लांदो होता. प्रवचनानंतर दोघे एका घरात बोलत बसले आणि काउंटने त्याला ला वेर्ना नावाचा आपल्या मालकीचा निर्जन डोंगर एकांतासाठी देऊन टाकला. ओर्लांदोच्या मुलांनी १२७४ मध्ये त्या दानाची लेखी नोंद केली. ला वेर्नावरच १२२४ मध्ये फ्रान्सिसच्या अंगावर क्रुसावरच्या येशूसारख्या जखमा उमटल्या अशी श्रद्धा आहे, आणि फ्रान्सिस्कन पंथात त्या डोंगराचे स्थान अस्सिसीच्या खालोखाल आहे. ज्या दालनात हे बोलणे झाले ते सान लेओच्या चौकातल्या नार्दिनी वाड्यात जपलेले आहे.

शतकभरानंतर कवी दान्तेने आपल्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यातल्या शुद्धिलोकाच्या चौथ्या सर्गात अवघड चढणीचे वर्णन करताना सान लेओचे नाव घेतले. सान लेओला माणूस पायांनी चढून जातो, इथे मात्र उडायलाच हवे, असा त्याचा रोख आहे. इटलीत कठीण चढ म्हटले की वाचकाला सान लेओ आठवेल, ही खात्री त्याला होती. गावातल्या चौकाला आज त्याचेच नाव आहे.

आज दिसतो तो किल्ला मात्र पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत सान लेओचे मोन्तेफेल्त्रो आणि रिमिनीचे मालातेस्ता या दोन घराण्यांत अनेकदा हातबदल झाले. १४४१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रोने आपली माणसे कड्यावर चढवून गड परत घेतला. हाच फेदेरिको पुढे आपल्या काळातला नामवंत सेनापती आणि उर्बिनोच्या महालाचा धनी झाला. गड कसा घेता येतो हे स्वतः अनुभवलेल्या माणसाने तो नव्याने बांधायला काढला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. काम सोपवले सिएनाच्या फ्रान्चेस्को दी जॉर्जो मार्तिनीकडे. मार्तिनी चित्रकार होता, शिल्पकार होता, यंत्रे आखणारा होता आणि लष्करी बांधकामावर त्याने ग्रंथ लिहिला होता.

तोफा आल्यापासून उंच, चौकोनी, पातळ भिंतींचे बुरूज निरुपयोगी ठरू लागले होते. सपाट भिंतीवर गोळा सरळ आदळतो. गोल बुरुजावर तो घसरतो. मार्तिनीने गावाच्या बाजूला दोन बुटके, जाड, गोल बुरूज उभे केले. त्यांना जोडणारा तट सरळ न ठेवता मध्ये पुढे काढून टोकदार केला, म्हणजे कुठूनही गोळा आला तरी तो तिरपाच बसावा. तटाच्या माथ्याला दगडी ब्रॅकेटांची रांग आहे, तिच्या फटींतून थेट पायथ्यावर मारा करता येई. बाकीच्या बाजूंना फार काही बांधावे लागले नाही. तिथे कडा होताच. पुण्या-साताऱ्याच्या माणसाने हा किल्ला पाहिला तर त्याला ही विचारसरणी ओळखीची वाटेल: डोंगराने जे आयते दिले ते घ्यायचे आणि जिथून शत्रू येणार तेवढीच बाजू चिरेबंदी करायची.

एवढे करूनही गड दोनदा युक्तीने पडला, तोफेने नव्हे. १५०२ च्या उन्हाळ्यात पोपचा मुलगा आणि सेनापती चेझारे बोर्जा याने उर्बिनोचे राज्य गिळले आणि सान लेओवर त्याचा किल्लेदार बसला. ऑक्टोबरात काय घडले ते फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी आणि लेखक मॅकियाव्हेली याने लिहून ठेवले आहे. किल्लेदाराने डागडुजी काढली होती, लाकडाच्या तुळया वर नेल्या जात होत्या. कटवाले टपून बसले. तुळया उचलपुलावर आल्या आणि पूल वर ओढता येईना, त्याच क्षणी हत्यारबंद माणसे पुलावरून आत घुसली. गड हातचा गेल्याची बातमी पसरताच सगळ्या मुलखात बंड उठले. दुसरी वेळ १५१६ ची. पोप दहाव्या लिओने आपला पुतण्या लॉरेन्झो दे मेदिची याच्यासाठी उर्बिनोचे राज्य हिसकावले. सान लेओने तीन महिने दाद दिली नाही. इतिहासकार गुइच्चार्दिनी सांगतो की एका सुताराने युक्ती काढली. लांब शिडी लावून त्याने रात्री कडा जोखून घेतला आणि मग शिपायांना ज्या बाजूला कोणी पाहत नव्हते तिथून वर चढवले. मेदिचींना हा विजय इतका मोलाचा वाटला की पुढे चित्रकार वासारीने फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्क्यो या राजवाड्यातल्या भिंतीवर तो रंगवला.

१६३१ मध्ये उर्बिनोचा शेवटचा ड्यूक वारसाशिवाय वारला आणि मुलूख पोपच्या राज्यात गेला. आता आजूबाजूला शत्रूच नव्हता. जिथे कोणी चढू शकत नाही तिथून कोणी उतरूही शकत नाही, हे रोमच्या लक्षात आले आणि किल्ल्याचा तुरुंग झाला. १७८६ च्या भूकंपानंतर पोपच्या वास्तुविशारदाने, जुझेप्पे वालादिएरने, त्याची दुरुस्ती केली.

या तुरुंगातला सर्वांत गाजलेला कैदी काल्योस्त्रो. खरे नाव जुझेप्पे बाल्सामो, जन्म पालेर्मोचा, १७४३ चा. स्वतःला काउंट म्हणवून त्याने युरोपभर औषधे, भविष्य, किमया आणि ‘इजिप्ती’ फ्रीमेसनरी (गुप्त विधी पाळणारी बंधुमंडळे) यांचा संसार थाटला. फ्रान्सच्या राणीच्या हिऱ्यांच्या हाराचे प्रकरण उद्भवले तेव्हा तो बास्तीय तुरुंगात गेला, १७८६ मध्ये निर्दोष सुटला आणि देशाबाहेर घालवला गेला. डिसेंबर १७८९ मध्ये रोममध्ये त्याला अटक झाली. त्याच्या बायकोनेच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. धर्मन्यायालयाने एप्रिल १७९१ मध्ये मृत्युदंड सुनावला, पोप सहाव्या पायसने तो जन्मठेपेवर आणला. फ्रान्समध्ये क्रांती पेटलेली असताना रोमला या माणसाची आणि त्याच्या गुप्त मंडळांची खरीच भीती वाटत होती, म्हणून त्याला सान लेओला धाडले. पहिल्या कोठडीतून तो निसटेल किंवा कोणी त्याला सोडवेल या धास्तीने त्याला ‘पोझ्झेत्तो’ म्हणजे छोटी विहीर नावाच्या कोठडीत हलवले. छतातल्या झडपेतून त्याला खाली उतरवले, जेवणही तिथूनच येई. तिहेरी गजांच्या एकुलत्या एका खिडकीतून गावातली दोन चर्च तेवढी दिसतात. २६ ऑगस्ट १७९५ रोजी झटका येऊन तो तिथेच मेला. पश्चात्ताप न करता मेला म्हणून त्याला पवित्र भूमी मिळाली नाही. बाहेर कुठेतरी पुरले. तो ठग होता यात मला शंका नाही. पण ठगीबद्दल नव्हे, तर पाखंडाबद्दल माणसाला विहिरीत चार वर्षे ठेवणाऱ्या न्यायाची आठवण म्हणून ती कोठडी पाहावी असे मला वाटते.

त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १७९७ मध्ये, फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश पलटणीने गड घेतला आणि कैदी सोडले. पोपचे राज्य परतले तशा कोठड्या पुन्हा भरल्या, आता राजकीय कैद्यांनी. १८४४ मध्ये इथे असलेला फेलिचे ओर्सिनी पुढे १८५८ मध्ये पॅरिसला तिसऱ्या नेपोलियनच्या बग्गीवर बॉम्ब टाकून इतिहासात गेला. इटली एक झाल्यावरही तुरुंग चालू राहिला आणि १९०६ मध्ये बंद झाला.

अलीकडचा मोठा बदल कागदावरचा आहे. सान लेओ मार्के प्रदेशात होते, पण बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळ्यांसाठी लोक खाली रिमिनीलाच जात. डिसेंबर २००६ मध्ये खोऱ्यातल्या सात गावांनी सार्वमत घेतले आणि ऑगस्ट २००९ च्या कायद्याने ती रिमिनीच्याच एमिलिया-रोमान्या प्रदेशात आली. मार्केने घटना न्यायालयात दाद मागितली, पण निकाल बदलला नाही.

आणि मग २७ फेब्रुवारी २०१४ रोजी ईशान्येचा कडा कोसळला. सुमारे तीन लाख घनमीटर खडक खाली गेला. जीवितहानी झाली नाही, काठाजवळची काही घरे मात्र रिकामी करावी लागली. सान लेओचा माथा चुनखडी आणि वालुकाश्माचा आहे, पण तो जाड थर मऊ चिकणमातीवर टेकलेला आहे. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून उतरते, खालची माती भिजून फुगते, झिजते, निसटते आणि आधार गेलेला कडा उभाच्या उभा सुटतो. खोऱ्यात ही गोष्ट नवी नाही: समोरच्याच मायोलो डोंगरावरचे गाव १७०० सालच्या पावसात अशाच दरडीने नाहीसे झाले आणि किल्ल्याचे दोन बुरूज तेवढे शिल्लक राहिले. २०१४ नंतर बोलोन्या विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी लेसर स्कॅनिंगने कड्याचा नकाशा करून भेगांची दिशा तपासली. किल्ल्याच्या भिंतींवर खर्च करणे लोकांना दिसते, पायथ्याच्या चिखलातले पाणी वळवणे कोणाला दिसत नाही. पण या गावाचा सगळा इतिहास ज्या खडकावर उभा आहे, त्याच्यासाठी पैसा आधी तिथे गेला पाहिजे.