काकूंचा मिक्सर आणि गिटारचा टोन

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर आल्या. "अरे, मिक्सर बिघडलाय का तुमचा? रात्री साडेदहाला वाटताय तरी काय?" मिक्सर नव्हता, माझी इलेक्ट्रिक गिटार होती. ज्या गावानं ढोलाला आपलं नाव दिलं, तिथं 50 वॅटच्या ॲम्पपायी, म्हणजे ॲम्प्लिफायरपायी, ओशाळावं लागलं! पण काकूंचं चुकलं नव्हतं. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे.

"छोटा ॲम्प घे, 5 वॅटचा," हा सल्ला मग हमखास मिळतो. तो फसवा आहे. वॅट दहापट कमी केले की आवाज 10 डेसिबलनंच उतरतो, आणि कानाला तो जेमतेम निम्मा वाटतो. गिटारचा 12 इंची स्पीकर नुसत्या एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, 97 ते 100 डेसिबल सहज देतो. म्हणजे 5 वॅटच्या ॲम्पनंही काकू जाग्याच.

मुळात आवाज चढवायचा कशासाठी? जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पमध्ये, ताकद संपेपर्यंत ताणल्याशिवाय तो खरखरीत, भरदार डिस्टॉर्शन निघत नसे. ताणलेला ॲम्प लाटेचे शेंडे छाटतो, आणि छाटलेल्या लाटेत मूळ सुराच्या पटीतले नवे सूर जन्मतात. 110 हर्ट्झची तार छेडली आणि लाट वर-खाली सारखीच छाटली गेली, तर 330, 550, 770 अशी विषम पटींची रांग पार हजारोंत जाते. ही छाटणी आज छोट्याशा पेडलमध्येही (पायानं दाबायच्या डबीत) होते, भिंती न हलवता. मग पेडलला थेट हेडफोन जोडला की काम झालं? करून पाहा. डबक्यावरचे डास ऐकू येतील.

कारण स्पीकर गायब आहे. गिटारचा स्पीकर हा हाय-फायवाल्यांच्या दृष्टीनं सदोष प्राणी. त्याचा जाड कागदी शंकू सेकंदाला पाच हजारांहून जास्त वेळा नीट थरथरूच शकत नाही, त्यामुळे 5000 हर्ट्झच्या पुढचा आवाज झपाट्यानं गळतो. डास तिथंच मरतात. गिटारच्या बाबतीत हा दोष म्हणजे अर्धं वाद्य आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. पांडवलेण्यांतल्या एखाद्या रिकाम्या लेण्यात उभं राहून एकच टाळी वाजवा. टाळी क्षणात संपते, पण लेणं काही वेळ घुमत राहतं. ते घुमणं म्हणजे त्या जागेची सही. स्पीकरच्या कॅबिनेटचीही, म्हणजे स्पीकर बसवलेल्या खोक्याचीही, अशीच सही घेता येते. त्याला अगदी क्षणभराचा विद्युत-झटका द्यायचा आणि समोरच्या मायक्रोफोननं उत्तर टिपायचं. (प्रत्यक्षात झटक्याऐवजी खालून वर चढत जाणारा सूर वाजवून गणितानं तेच उत्तर काढतात.) गिटारवाले याला 'आयआर' म्हणतात, इम्पल्स रिस्पॉन्स.

गंमत पुढेच आहे. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला 48,000 आकडे. यातला प्रत्येक आकडा ही एक स्वतंत्र टाळी समजा, कुठली जोरात, कुठली हळू. प्रत्येक टाळीमागे त्या सहीची एक प्रत उमटवायची, टाळीच्या जोराइतकी लहान-मोठी आणि तिच्या वेळेइतकी सरकवलेली. मग सगळ्या प्रतींची बेरीज. सही 1024 आकड्यांची, म्हणजे सुमारे 21 मिलिसेकंदांची धरली, तर सेकंदाला जवळपास 5 कोटी गुणाकार होतात. या क्रियेला कॉन्व्होल्यूशन म्हणतात. तुमचा फोनही ती हसत हसत करील. पण बेरीज चालते ती रेषीय गोष्टींपुरतीच, दुप्पट टाळीला दुप्पट घुमणं असेल तरच. शेंडे छाटणं रेषीय नाही, म्हणून ते आयआरमध्ये मावत नाही. आधी छाटणी, मग आयआर. क्रम उलटला की टोन गेला.

म्हणजे डिस्टॉर्शन, त्यामागे आयआर, त्यामागे तारेचा हेडफोन, एवढ्यात काम भागतं. ब्लूटूथ नको. 150 मिलिसेकंदांची दिरंगाई झाली तर ते 50 मीटरवर ॲम्प ठेवून वाजवण्यासारखं होतं. आणि व्हॉल्व्ह ॲम्पचा स्पीकर काढून तो तसाच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांना मात्र हात जोडतो. ही एक आधुनिक अंधश्रद्धाच आहे. ट्रे खोलीतला वरच्या पट्टीतला प्रतिध्वनी थोडा पितात, बाहेर जाणारा आवाज अडवत नाहीत. त्याला वजन लागतं, आणि भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फरक पडतो सहाएक डेसिबलचा. शिवाय खर्जाचे सूर भिंतीला फारसे जुमानतच नाहीत. त्यात कॅबिनेट जमिनीवर असेल तर स्लॅबच वाजतो. काकूंना गाणं नव्हे, घरघर ऐकू जात होती ती यामुळे.

एक घोळ कानाचाही आहे. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवलं की आवाज लहान केला की कान खर्जाला जास्त बहिरा होतो. 1000 हर्ट्झच्या 80 डेसिबल सुराइतका मोठा वाटायला 80 हर्ट्झच्या सुराला सुमारे 15 डेसिबल जास्त लागतात. 1000 हर्ट्झचा सूर 40 डेसिबलवर आणला, तर जवळपास 28 जास्त लागतात. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झची, म्हणजे नेमकी याच खड्ड्यात. म्हणून घरी हळू आवाजात टोन पातळ वाटतो आणि आपण बेस चढवतो. मीही चढवला, सेटिंग साठवलं आणि तालमीला मोठ्या ॲम्पवर तेच लावलं. ड्रमवाला थांबला. "गिटार आणलीस की ढोल?"

आता दोन सेटिंग्ज ठेवतो. तालमीचं सेटिंग तालमीच्याच आवाजात बसवलंय.